डोळ्यांदेखत

इटालियनमधलं पहिलं पूर्ण वाक्य मी बोलले ते दुकानाच्या काउंटरमागं उभी राहून. काट्यावर कागद, कागदावर हॅमचे पातळ काप, आकडा १६२. गिऱ्हाईक बाईंनी मागितलं होतं दीड एत्तो. शंभर ग्रॅमला तिथं एत्तो म्हणतात आणि काउंटरवरचा सगळा हिशेब एत्तोतच चालतो. बारा ग्रॅम जास्त झालं होतं. माझ्या मागं उभ्या असलेल्या मालकीणबाईंनी, सिन्योरांनी, हळूच सांगितलं ते मी जसंच्या तसं म्हणाले, "के फाच्चो, लाश्शो?" काय करू, राहू दे? बाई म्हणाल्या, "लाश्शी, लाश्शी." राहू दे, राहू दे.

चीज आणि खारवलेलं मांस विकणाऱ्या दुकानाला तिकडं सालुमेरिया म्हणतात, आणि इटलीतल्या कुठल्याही सालुमेरियात हे वाक्य दिवसभर कानावर पडतं. मला ते ऐकताना कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतली भाजीवाली मावशी आठवायची, पारड्यात आणखी दोन वांगी टाकून "राहू दे नव्हं?" म्हणणारी. पण त्या संध्याकाळी शटर ओढल्यावर सिन्योरांनी मला बसवून सांगितलं, की हे वाक्य जास्तीचं खपवायला नसतं. गिऱ्हाइकानं आकडा बघितलाय याची खात्री करायला असतं. तो नको म्हणाला तर एक काप उचलायचा आणि कपाळावर आठी येऊ द्यायची नाही.

त्या आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. छापलेलं त्यांना आवडणार नाही. पहिल्या दिवसापासून मी त्यांना सिन्योराच म्हणत आले. त्या मला 'तू' म्हणतात, मी त्यांना 'तुम्ही'. माझ्या हाताला जे काही येतं ते त्यांच्याकडून आलं, आणि जे करायला माझा हात आता नकार देतो तेही त्यांच्यामुळंच. हे त्यांच्या हयातीत लिहून ठेवायचं होतं.

२०११ च्या ऑक्टोबरात मी पार्माला आले. पार्मा ते बोलोन्या या पट्ट्यात पॅकिंगची यंत्रं बनवणारे पुष्कळ कारखाने आहेत. चिंचवडच्या नोकरीतून माझ्या नवऱ्याला त्यातल्याच एका कारखान्यात पाठवलं होतं. मी पन्हाळा तालुक्यातली. माहेरी सात म्हशी, दोन गाई. पहाटे धारा काढायच्या, किटली घेऊन संस्थेत जायचं, फॅट लावायची, पावती घ्यायची. संध्याकाळी पुन्हा तेच. पार्मात आले तर पो नदीच्या खोऱ्यातलं धुकं नोव्हेंबरात खिडकीशी येऊन बसलं ते फेब्रुवारीपर्यंत. भाषा येत नव्हती, ओळखीचं कुणी नव्हतं. रोज अकराच्या सुमाराला घराखालच्या सालुमेरियातून मी पाव किलो रिकोत्ता हे ताजं चीज आणायची, कारण त्याचा वास आमच्या घरच्या दुधाच्या सर्वांत जवळचा होता. बोट दाखवायची, पैसे द्यायची. सिन्योरा पुडी बांधताना दर वेळी पदार्थाचं नाव सावकाश म्हणायच्या आणि मी ते परत म्हणेपर्यंत पुडी हातात द्यायच्या नाहीत. रिकोत्तानंतर त्यांनी शेजारच्या ताटातल्या वस्तूंवर बोट ठेवायला सुरुवात केली. नाताळपर्यंत मला अख्ख्या काउंटरची नावं येत होती. बाकी भाषा शून्य.

२०१२ च्या मे महिन्यात, २० आणि २९ तारखेला, पार्मा ज्यात येतं त्या एमिलियात दोन मोठे भूकंप झाले. पार्मात भिंती हादरल्या, पडझड फारशी झाली नाही. पण मोदेना, रेज्जो आणि मांतोव्हाकडं चीजच्या गोदामांतल्या छतापर्यंतच्या मांडण्या कोसळल्या. पार्मिजानो रेज्जानो या तिथल्या चीजचं एक चाक साधारण चाळीस किलोचं असतं. अशी लाखो चाकं खाली आली, कित्येक फुटली. खाण्याजोगं होतं ते तुकडे करून लवकर विकणं भाग होतं, नाहीतर दोन-दोन वर्षं सांभाळलेला माल बुरशीला जाणार. लोकांनी दुकानांपुढं रांगा लावल्या. एरवी तीन एत्तो नेणारी माणसं दोन-दोन, पाच-पाच किलो नेऊ लागली. शेजारच्या जिल्ह्यातल्या गवळ्याचं नुकसान आपण खाऊन भरून काढायचं, असा तो साधा हिशेब होता.

सिन्योरांची मदतनीस मुलगी मोदेनाकडची. तिच्या आईवडिलांचं घर तडकलं, ती गावी निघून गेली. त्या शनिवारी मी रांगेत उभी होते, माझ्यापुढं चौदा माणसं, आणि काउंटरमागं सिन्योरा एकट्या. बांधायचा कागद संपला. त्यांनी रांगेवरून नजर फिरवली, मला बोटानं बोलावलं आणि आतल्या खोलीतले गठ्ठे दाखवले. मी कागद आणला. मग घड्या घालून दिल्या. मग पुड्या बांधल्या. दीड वाजता शटर अर्धं खाली आलं तेव्हा त्यांनी एक धुतलेलं एप्रन माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "लुनेदी." सोमवार. तेवढा शब्द मला येत होता.

पहिल्याच महिन्यात त्या मला त्यांच्या हिशेबनिसाकडं घेऊन गेल्या आणि रीतसर करार केला, पेन्शनच्या वर्गणीसकट. नवख्या परदेशी बाईच्या हातावर रोख टेकवून मोकळं होणारे लोक मी पुढं पुष्कळ पाहिले. सिन्योरांनी मला आधी कागदावर आणलं आणि मग कामाला लावलं.

चीज मला आधी जवळचं झालं, कारण दूध घरचं होतं. एका चाकाला जवळपास ५५० लिटर दूध लागतं, हे मी माझ्या वडिलांना, आप्पांना, फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडं बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग त्यांनी विचारलं, "पानी काढून टाकत्यात त्याचं काय करत्यात?" दूधवाल्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असणार. त्या पाण्यातलं थोडं राखून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशीच्या दुधाला तेच विरजण लावतात. बाकीचं बरंचसं डुकरांना जातं. त्याच भागात पाजलेल्या डुकरांच्या मांड्यांचा पुढं पार्मा हॅम होतो. म्हणजे आमच्या काउंटरवर डावीकडं चीज आणि उजवीकडं हॅम असं जे मांडलेलं असायचं, ते एकाच दुधाच्या दोन वाटा होत्या.

"साल वाच," सिन्योरा म्हणायच्या. चाकाच्या कडेवर गोल फिरून ठिपक्याठिपक्यांनी नाव उठवलेलं असतं, शिवाय डेअरीचा क्रमांक, महिना आणि वर्ष. बारा महिने झाले की तपासनीस येतो. हातात लहानशी हातोडी. चाकावर टकटक करत तो कानानं आतली पोकळी, आतली भेग शोधतो. पास झालं तर सालीवर तापल्या शिक्क्याचा डाग. नापास झालं तर ठिपक्यांतलं नाव खरवडून काढतात. उत्पादकांचा संघ १९३४ सालचा. १९९६ पासून युरोपच्या कायद्यानं हे नाव जमिनीला बांधलं आहे: पार्मा, रेज्जो एमिलिया आणि मोदेना हे जिल्हे, बोलोन्याचा रेनो नदीच्या डाव्या हाताचा भाग, मांतोव्हाचा पो नदीच्या उजव्या हाताचा. गाईला मुरघास घालायचा नाही. आदल्या दिवसाचं ते विरजण, दूध फाटवायचं रेनेट आणि मीठ यापलीकडं काही वापरायचं नाही. २००८ मध्ये युरोपीय न्यायालयानं 'पार्मेझान' हा शब्दही याच नावाची आठवण करून देतो असा निर्णय दिला, त्यामुळं युरोपात दुसऱ्या कुणाला तो चिकटवता येत नाही. हे सगळं त्यांनी मला कधी एका बैठकीत सांगितलं नाही. साल हातात असताना, जेवढी साल तेवढंच.

चाक उघडायचं शनिवारी सकाळी, गिऱ्हाइकांच्या समोर. आधी आकडीच्या टोकाच्या सुरीनं सालीवर रेघ ओढायची, चाकाला पुरा वळसा घालून, सेंटिमीटरभर खोल. मग बदामाच्या आकाराच्या बुटक्या, जाड पात्याच्या सुऱ्या. त्यांना धार जवळजवळ नसते. सुरी रेघेत रोवायची आणि मूठ हलकेच पिळायची, मग पुढची, मग समोरची. चाक आपल्या कणांच्या ओळीनं स्वतःच फाटतं. कोरड्या लाकडासारखा एक आवाज होतो आणि वास बाहेर येतो: तूप कढवल्यावर तळाला उरणाऱ्या बेरीचा, त्यामागून वाळल्या गवताचा. पहिल्या वेळी मी मुठीला जोर दिला. फट तिरकी गेली. एक अर्धं काट्यावर तेवीस किलो भरलं, दुसरं सतरा. सिन्योरांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. दुपारी दुकान बंद असताना त्यांनी गोदामातून दुसरं चाक आणवलं, माझ्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि तीन मिनिटं दोघींनी मिळून काहीच केलं नाही, नुसती सुरी धरून उभ्या राहिलो. चौथ्या मिनिटाला चाक उघडलं. त्या दोन मुठींचं वजन मला आजही सुरी उचलताना जाणवतं.

हॅमचं तसं नव्हतं. आमच्याकडं बुधवारी, रविवारी मटण शिजतं. डुक्कर घरात कधी आलं नाही. काउंटरवर आडवी ठेवलेली ती दहा किलोची मांडी, तिच्यावर तापल्या लोखंडानं उठवलेला पाच टोकांचा मुकुट, शिवाय धातूचा शिक्का. कापायला मला अडचण नव्हती. खाणं जमत नव्हतं. मी ते मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं. सिन्योरा म्हणाल्या, "खाऊ नकोस. पण खाल्लंय असंही दाखवू नकोस." गिऱ्हाईक विचारायचं, आज गोड आहे का? पार्माच्या हॅमला तिथली माणसं गोड म्हणतात, कारण मीठ बेताचं असतं. त्यावर मी काय म्हणायचं तेही त्यांनी ठरवून दिलं: "सिन्योरा म्हणतात, गोड आहे." चार महिने मी हेच वाक्य म्हणत होते.

तोवर नाक तयार झालं. घोड्याच्या हाडाची एक बारीक सुई असते. हाड सच्छिद्र, त्यामुळं वास चटकन धरतं आणि चटकन सोडतं. मांडीत ठरलेल्या जागी सुई खुपसायची, काढायची, नाकाखाली न्यायची, छिद्रावर चरबी लिंपून टाकायची. खारवणीत आत कुठं चूक राहिली असेल तर सुईला कळते. पार्माजवळच्या लांगिरानोच्या टेकड्यांत या मांड्या महिनोन्महिने टांगलेल्या असतात, उंच अरुंद खिडक्यांच्या इमारतींत, आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन त्या खिडक्या उघडतात-मिटतात. समुद्राच्या मिठाशिवाय दुसरं काही लावत नाहीत. एका सोमवारी सिन्योरा मला तिथं घेऊन गेल्या. एका म्हाताऱ्या गड्यानं भिंतीला हात लावून दाखवलं, भिंतही त्याच वासाची झालेली.

मग एकदा नेहमी येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका, माझं ठरलेलं वाक्य ऐकून म्हणाल्या, "सिन्योरा काय म्हणतात ते मला चाळीस वर्षं माहीत आहे. तू काय म्हणतेस?" मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी स्वतःच एक काप उचलला. आधी खारट लागेल अशी तयारी करून तोंडात ठेवला. आधी लागला तो गोडवा. चरबी जिभेच्या उबेनं विरली आणि मीठ अगदी शेवटी, जाता जाता आलं. सिन्योरा पाठमोऱ्या होत्या, काच पुसत होत्या. त्या रविवारी त्यांनी मला घरी बोलावून तोर्ता फ्रित्ता तळली. चौकोनी कापलेली, टम्म फुगलेली पुरीच ती, तिच्यावर हॅमचा काप पसरायचा. मी पुरी लाटायला घेतली तेव्हा लाटण्याची पद्धत बघून त्यांनी लाटणं मलाच देऊन टाकलं.

पार्मा हॅमच्या नियमावलीत एक कलम आहे आणि माझं सगळं कामाचं आयुष्य त्या कलमावर उभं आहे. कापून पाकिटात भरलेला हॅम त्या नावानं विकायचा असेल तर तो त्याच भागात, देखरेखीखाली कापलेला हवा. दुकानात कापायचा असेल तर गिऱ्हाइकाच्या समोर. यावरून ब्रिटनमधल्या एका मोठ्या साखळी दुकानाविरुद्धचा खटला युरोपीय न्यायालयापर्यंत गेला होता. २००३ मध्ये न्यायालयानं अट मुळात रास्त आहे म्हटलं, मात्र ती पुरेशी जाहीर झालेली नव्हती म्हणून त्या दुकानाला लावता आली नाही. मुकुट मांडीवर असतो, कापावर नसतो. एकदा काप पाडले की हे कुठल्या मांडीचं, ते सांगायला फक्त कापणारीचा शब्द उरतो. म्हणून समोर. सिन्योरांचा शब्द होता 'दावान्ती'. पुढ्यात. मी मनात त्याला आमचा शब्द लावला, डोळ्यांदेखत.

दुसऱ्या वर्षी एक गृहस्थ आले, नंबराची चिठ्ठी हातात. त्यांचा नंबर लागला तेव्हा हॅम कापायच्या यंत्रावर मी होते. ते म्हणाले, मी सिन्योरांसाठी थांबतो. पुन्हा नंबर आला, पुन्हा थांबले. कारण त्यांनी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. सिन्योरा काउंटरच्या दुसऱ्या टोकाला चीज भरत होत्या. त्यांनी हात पुसले, एप्रन सोडलं, खुंटीला अडकवलं आणि काउंटरमधून बाहेर येऊन त्या गृहस्थांच्या शेजारी, गिऱ्हाइकांच्या बाजूला, उभ्या राहिल्या. "मलाही एक एत्तो पाहिजे," मला म्हणाल्या. "आधी यांचं." मी लाल यंत्राचं चाक फिरवलं. दोघांच्या डोळ्यांदेखत. पहिला काप सिन्योरांनी चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात वर उचलला. कापातून पलीकडचं दिसलं पाहिजे, पण काप फाटता कामा नये. त्यांनी तो त्या गृहस्थांच्या हातात दिला. त्यांनी खाल्ला, दोन एत्तो नेले. पुढच्या शनिवारी ते माझ्याकडं आले आणि मान लववून नमस्कार केला. सिन्योरांनी या प्रसंगाचा पुन्हा उच्चारसुद्धा केला नाही. मी मात्र त्या खुंटीवरच्या एप्रनला विसरू शकत नाही.

आता माझी चूक.

२०१६ च्या मे महिन्यात आप्पा आले. विमानात पहिल्यांदाच बसले होते. त्यांना गावं, चर्च कशात गोडी नव्हती. त्यांना ती डेअरी बघायची होती. सिन्योरांनी ओळखीच्या एका काझेइफीचोत, म्हणजे चीजच्या डेअरीत, आमची सोय केली आणि पहाटे सहाला स्वतः गाडी घेऊन दारात आल्या. ती डेअरी सहकारी होती. आजूबाजूचे गवळी तिचे सभासद. हे कळल्यावर आप्पांची छाती रुंदावली. तांब्याच्या उलट्या घंटेसारख्या कढया ओळीनं. रात्रीचं दूध पसरट भांड्यांत ठेवून वरची साय काढलेली, त्यात सकाळचं अख्खं दूध. आप्पा प्रत्येक कढईशी थांबले. फॅट किती, विचारलं. आकडा ऐकून आपल्या म्हशीचा सात सांगितला. तिथल्या माणसानं आदरानं ओठ दुमडले. दोन गड्यांनी तागाच्या फडक्यात कढईच्या तळाचा गोळा उचलला, सुरीनं मधोमध कापून दोन केले. एका कढईतली जुळी. आप्पांनी विचारून त्या गोळ्याला हात लावला आणि तो हात बराच वेळ पुसला नाही.

निघताना त्या माणसानं चोवीस महिन्यांच्या चाकाचा तुकडा आप्पांपुढं केला. मला ठाऊक होतं. दूध फाटवायला जे रेनेट वापरतात ते दूधपित्या वासराच्या पोटातलं असतं, वासरू कापल्यावर काढलेलं. नियमात दुसरं चालत नाही. आमच्या गोठ्यात वासरू आजारी पडलं तर आप्पा रात्रभर तिथं बसतात. मी बोलले असते तर त्यांनी तुकडा घेतला नसता, आणि यजमानांपुढं ते अवघड झालं असतं. मी गप्प राहिले. आप्पांनी खाल्लं, डोळे मिटले, म्हणाले, "बेरीगत लागतंय की गं."

गोठा शेजारीच होता. तिथं काम करणारे एक सरदारजी भेटले, जालंधरकडचे. पो नदीच्या त्या सगळ्या पट्ट्यात गोठ्यांतून पंजाबी माणसं कामाला आहेत. रेज्जोजवळ नोवेल्लाराला त्यांचा मोठा गुरुद्वारा २००० साली उघडला. आप्पांना दहा दिवसांत पहिल्यांदा बोलायला माणूस मिळालं. दोघं हिंदीत मुऱ्हा म्हशींवर रंगले. मी आणि सिन्योरा गाडीपाशी थांबलो. आप्पा परत आले ते वेगळेच दिसत होते. मागच्या सीटवर बसून खिडकीतून बाहेर बघत राहिले. सरदारजी ते चीज खात नव्हते, आणि का खात नाहीत ते त्यांनी बोलण्याच्या ओघात सांगितलं होतं.

सिन्योरांनी आरशातून आप्पांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांना आमच्या घरचं सगळं ठाऊक होतं, मीच वेळोवेळी सांगितलेलं. गाडी त्यांनी रस्त्याच्या कडेला घेतली आणि विचारलं, "काल्योचं त्यांना सांगितलं होतंस?" काल्यो म्हणजे रेनेट. मी नाही म्हणाले. "का?" मी उत्तर दिलं नाही. त्या रागावल्या नाहीत. इतकंच म्हणाल्या, "मग त्यांच्या तोंडात तो तुकडा तू पाठीमागं कापून दिलास." आणि गाडी सुरू केली.

संध्याकाळी मी आप्पांच्या पायाशी बसले. ते म्हणाले, "सांगितली असतीस तरी बी आलो असतो की बघायला. खाल्लं नसतं, एवढंच." आणि थोड्या वेळानं, "त्या बाईला सांग, डेअरी लई झ्याक हाय." त्यांनी पुन्हा ते खाल्लं नाही. माझ्यावर राग धरला नाही, आणि हे मला रागापेक्षा जड गेलं.

पुढच्या हिवाळ्यात पुण्याकडचं एक कुटुंब दुकानात आलं. नऊ-दहा माणसं, सहलीवर निघालेली, मला मराठी बोलताना ऐकून हरखून गेली. दोन किलो पार्मिजानो बांधायला सांगितलं, घरी नेण्यासाठी. बरोबरच्या आजींनी सहज विचारलं, "हे व्हेजच ना गं, चीजच आहे की." मी सुरी खाली ठेवली आणि सांगितलं. दूध, मीठ आणि वासराच्या पोटातलं रेनेट. आजींनी सुनेकडं पाहिलं. सुनेनं मुलांच्या हातातले चाखायचे तुकडे काढून घेतले. कुणी काही वाईट बोललं नाही, पण दोन किलोची विक्री गेली, आणि दुकानात आलेली ती मराठीची ऊब त्यांच्याबरोबर दारातून बाहेर गेली. जाता जाता आजींनी माझ्या गालाला हात लावला.

सिन्योरांनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. माझ्यासमोरच्या तुकड्याचं टोक त्यांनी बदामी सुरीनं उचकटलं, निम्मं मला दिलं, निम्मं स्वतः खाल्लं. मग ती सुरी फडक्यानं पुसून माझ्या एप्रनच्या खिशात घातली. मूठ लाकडाची, त्यांच्या सासऱ्यांपासून वापरातली, अंगठ्याच्या जागी खोलगट झालेली. ती सुरी परत मागितली गेली नाही.

दुकान २०२१ मध्ये बंद झालं. सिन्योरांचा खांदा गेला होता आणि जागेचं भाडं वाढलं होतं. त्यांनी मला दुकान घेतेस का विचारलं. तेवढे पैसे आमच्याकडं नव्हते. आता मी एका मोठ्या सुपरमार्केटच्या काउंटरवर आहे. शुक्रवारी संध्याकाळी गर्दी असते, म्हणून सुरुवातीला तिथल्या वरिष्ठांनी दुपारीच हॅम कापून ताटल्या भरून ठेवायला सांगितलं होतं. मी म्हणाले, ठेवते, पण त्यावर पार्माचं नाव लावता येणार नाही. थोडी धुसफुस झाली. मी नियमाचा कागद दाखवला. आता शुक्रवारी माझ्यापुढं रांग लांब असते आणि लोक थांबतात. नव्या आलेल्या मुलींना मी काट्यावर आधी कोरा कागद ठेवून शून्य करायला शिकवते. कागदाचं वजन मालात धरायचं नाही, हा १९८१ पासूनचा इटलीचा कायदा आहे. सिन्योरांच्या दुकानात तो कायद्याच्या आधीपासून पाळला जायचा, असं त्या सांगतात.

रविवारी मी त्यांच्याकडं जाते. त्या तळमजल्याच्या खोलीत असतात, पलंग खिडकीशी. पहिल्यांदा मी कामावरून कापून, पुडी बांधून हॅम नेला होता. त्यांनी पुडी उघडलीच नाही. "हा कुणी पाहिला कापताना?" तेव्हापासून मी हाड काढलेल्या मांडीचा तुकडा अख्खाच नेते, मुकुटाचा डाग असलेल्या बाजूचा, आणि लांब पात्याची सुरी. पलंगाशेजारी फळी मांडते. यंत्र नाही, हातानंच काप पाडायचा. त्या चष्मा लावून बघत असतात. मुकुट बघतात, पात्याचा कल बघतात, चरबी मी छाटत नाही ना ते बघतात.

गेल्या रविवारी मी पहिला काप त्यांच्या चिमटीत दिला. हात थरथरत होता, तरी त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ.

"जाड झालाय थोडा," त्या म्हणाल्या, आणि तोंडात टाकून दुसऱ्यासाठी हात पुढं केला.